हाताला न लागणारा माल

केळशीत मथुरा शिगवणच्या हाताला जेवढा मान आहे तेवढा ग्रामपंचायतीच्या शिक्क्यालाही नाही, असं म्हटलं तर सरपंचांना राग येईल. पण वाडीत कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. गेली अठ्ठावीस वर्षं आंब्याच्या मोसमात ती स्वरूपशेट दलालाच्या शेडमध्ये निवडीला बसते. समोर नुकत्याच उतरवलेल्या आंब्यांचा ढीग, मागे पेट्या. आंबा उचलायचा, तळव्यावर एकदा फिरवायचा, की झालं. हा पाच डझनाच्या पेटीत, हा सहा डझनाच्या, हा डागी, हा पोरांना खायला. शेडमध्ये वजनकाटा आहे, पण तिच्यासमोर तो कुणी वापरत नाही.

एकदा हाताचा असा लौकिक झाला की माणसं तो नको तिथेही वापरायला लागतात. सुरमई ताजी आहे का, बघा मथुराकाकी. पोराला स्थळ आलंय, मुलीचा फोटो बघा. मथुराकाकीही बघते आणि सांगते. माणूस छप्पन्न वर्षांचं झालं, दहा जण विचारायला आले, की काहीतरी सांगावंच लागतं. फक्त साक्यापुढे ती हात टेकते. वरून देखणा, पिवळाधमक हापूस, आणि कापला की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गाभा, हा साका. तो बाहेरून कुणालाच कळत नाही. म्हणून तर गिऱ्हाईक शेडवर आलं की ते बोट दाखवील ते फळ स्वरूपशेट त्याच्या डोळ्यांदेखत कापतो. हे मथुराकाकी रोज बघत होती. पण रोज बघितलेली गोष्ट वेळेवर आठवेल असं थोडंच आहे?

शिमगा नुकताच संपला होता तेव्हाची गोष्ट. शेजारच्या घरातली नम्रता संध्याकाळी तिच्या पडवीत आली. नम्रता मूळची मंडणगडकडची, बारावी झालेली. नवरा निलेश बोटीवर खलाशी. नऊ महिने समुद्रात, तीन महिने घरी, आणि त्या तीन महिन्यांतले दोन पुढच्या कॉन्ट्रॅक्टच्या कागदपत्रांत जातात. त्यांची मुलगी संस्कृती चार वर्षांची. बाप तिने समोर कमी आणि फोनमध्ये जास्त पाहिलेला. आदल्या दिवशी कुणीतरी तिला विचारलं, "बाबा कुठे गेले गो?" तर तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "बाबा चार्जिंगला लावलाय." सगळे हसले. नम्रताही हसली आणि मागच्या दारी जाऊन रडली.

"काकी, मला घरबसल्या महिन्याला पंधरा हजार मिळाले ना, तर मी यांना पुढचं कॉन्ट्रॅक्ट घेऊ देणार नाही," ती म्हणाली. "इकडे बागेत काम बघतील. फोनवर दोन कामं आली आहेत. त्यातलं खरं कुठलं ते तुम्ही सांगा."

"मी? माज्या फोनला बटनं हायत की नाय ता पन मना दिसत नाय नीट," मथुराकाकी म्हणाली. पण चष्मा काढून पदराने पुसला, म्हणजे बघायचं हे ठरलं होतं.

पहिलं काम असं. फोनवर हॉटेलांचे फोटो येतात. त्यांना पाच चांदण्या द्यायच्या. बस. तीस फोटोंना चांदण्या दिल्या की दीडशे रुपये. योगिनी मॅडम म्हणून एक बाई हे सगळं सांभाळायच्या. मॅडमचा आवाज असा मऊ की ऐकताना झोप यावी. नम्रताने पहिल्या दिवशी चांदण्या दिल्या आणि तासाभरात बँकेचा मेसेज आला, दीडशे जमा. दुसऱ्या दिवशी दोनशे दहा. मॅडमने वर फुलांचा गुच्छ पाठवला. खरा नव्हे, फोनवरचा.

दुसरं काम त्याहून विचित्र. मंडणगडला नम्रताला शिकवलेल्या एका सरांनी ते कळवलं होतं. कुठलीशी कंपनी माणसांची बोली गोळा करत होती. फोन एक विषय देतो, त्यावर घरी बोलतो तसं बोलायचं, फोन ते भरून घेतो. तपासून पास झालेल्या दर तासाचे चारशे रुपये.

"बोलन्याचे पयशे?" मथुराकाकीला हे काही केल्या गिळेना. "बोलन्यापायी मार खाल्लेली मानसं मी पायली. पयशे घेतलेला यक पन नाय पायला."

तिचा नवरा रघू झोपाळ्यावर बसून ऐकत होता. "तुला मिलाले असते तर आपला बंगला झाला असता," तो म्हणाला.

पण गंमत म्हणून दोघीही बोलल्या. रोज शेड सुटल्यावर पडवीत बसायचं आणि फोनला सांगायचं: भाकरी कशी करतात, लग्नात कोण रुसलं होतं, आंबा कसा निवडतात. मथुराकाकीला आंब्यावर बोलायला सांगितलं आणि फोनच दमला. आठ दिवसांत तिचे पाच तास भरले, नम्रताचे अकरा. पण ही कंपनी महाखडूस. नम्रताचे दोन तास नापास, कारण मागे कोंबडा आरवतोय. मथुराकाकीचा एक नापास, कारण मधेच रघू जेवायला मागतोय. शाबासकीचं नाव नाही. उलट पॅन कार्ड द्या, पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो द्या, सहा पानी करारावर सही करा. आणि पैसे? तपासणीनंतर पंचेचाळीस दिवसांनी.

इथे मथुराकाकीच्या डोक्यात जुनी जखम ठणकली. आंब्याच्या धंद्याची रीत अशी की चांगला दलाल मोहोर धरायच्या आधी उचल देतो. आधी पैसा हातात ठेवतो, मग माल नेतो. स्वरूपशेटच्या बापापासून हे असंच चाललंय. आणि एका वर्षी रघूने आपल्या चार कलमांचे आंबे एका नव्या माणसाला दिले होते. त्याने उचल दिली नाही. कागदांवर मात्र ढीगभर सह्या घेतल्या. "माल जाऊ दे, विकला की पट्टी पाठवतो," म्हणाला. ही पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब. चाळीस पेट्या गेल्या. पट्टी अजून यायची आहे. त्याला एकोणीस वर्षं झाली.

तिने दोन्ही फोन समोरासमोर ठेवले आणि निकाल दिला. "जो आधी हातावर पयसा ठेवतो तो खरा. ही तुजी मॅडम खरी. आनि ही बोलनी गोला करनारी, ती चोर. कागद घेते, काम घेते, वर कोंबड्याला नावं ठेवते. सोड ता."

"नक्की ना काकी?"

"माजा हात कवा चुकलाय?"

नम्रताने त्याच संध्याकाळी बोलीवाल्या कंपनीला कळवलं, माझं नाव काढून टाका, माझा आवाज पुसून टाका, मला काही नको. कंपनीने दुसऱ्या दिवशी तसं केल्याचं कळवलं. मथुराकाकीने कळवलं नाही, कारण कळवायचं कसं हेच तिला माहीत नव्हतं. पण पासबुकाचा फोटो चोराच्या हाती गेलाय या धास्तीने तिने बँकेत जाऊन आपले सात हजार काढले आणि तांदळाच्या डब्यात पुरले. तिच्या मते ती वाचली होती.

पुढचा महिनाभर शेडमध्ये मरणाचं काम. नम्रता येताजाता सांगायची, काकी, बरं चाललंय. मॅडमनी मोठं काम दिलं. आता आधी आपण थोडे पैसे भरायचे, मग जास्त मिळतात. पाच हजार भरले, सहा हजार दोनशे परत आले. मथुराकाकी मान डोलवायची. भरायचे कशाला, हा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता, असं तिने नंतर सांगितलं. पण हातात आंबा होता, मागे पोरं पेट्यांना खिळे ठोकत होती, आणि परत आलेल्या पैशाला नावं कशी ठेवायची?

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी साडेतीनच्या सुमाराला, नम्रता शेडमध्ये आली ती अनवाणी. हातात फोन आणि कमरेला खोचलेली एक पुरचुंडी. अडतीस हजार भरले होते. निलेशने पावसाआधी कौलं बदलायला पाठवलेले. फोनवर आता तिच्या नावाने एकसष्ट हजार दिसत होते. दिसत होते, पण निघत नव्हते. ते काढायला वीस हजार कर भरायचा, तोही पाच वाजायच्या आत. नाहीतर सगळं बुडालं. पुरचुंडीत आईने दिलेल्या दोन पाटल्या होत्या. स्टँडजवळचा सोनार त्या गहाण ठेवून घ्यायला तयार होता.

"काकी, फक्त एकदा सांगा. भरू ना?"

मथुराकाकीने फोन हातात घेतला. सवयीने तळव्यावर फिरवला. वजन होतं, गरम होता, आणि काहीच कळत नव्हतं. तिने आकडा बघितला. एकसष्ट हजार, हिरव्या रंगात, ठसठशीत. खोटा आकडा खऱ्या आकड्यापेक्षा वेगळा दिसतो का? मॅडमने पैसे दिले होते, हे खरं. दोनदा, तीनदा दिले होते. मग चोर पैसे देईल? आणि मॅडम खरी, तर आपलेच पैसे काढायला पैसे का? अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ढीग तसाच पडून राहिला आणि शेडमधल्या बायका तिच्याकडे बघत बसल्या. घड्याळात पावणेचार.

त्याच वेळी पलीकडे पुण्याचं एक गिऱ्हाईक पेटीपाशी उभं होतं. त्याने एका आंब्यावर बोट ठेवलं. स्वरूपशेटने सुरी उचलली.

मथुराकाकी त्या सुरीकडे बघत राहिली.

"लाव गो फोन तुज्या मॅडमला," ती म्हणाली.

योगिनी मॅडमने पहिल्या घंटीला उचलला. "बोला नम्रताताई! पेमेंट केलंत ना? माझा जीव तुमच्यात अडकलाय बघा."

"मी हिची काकी बोलतंय," मथुराकाकी म्हणाली. "मॅडम, आमी आंबेवाले. आमच्यात गिऱ्हाइकाला पेटी द्यायच्या आधी यक आंबा कापून दाखवतो. तुमच्याकडं आमचे येकसष्ट हजार हायत ना? त्यातले शंबर रुपये आत्ता धाडा. कर पन त्यातनंच कापून घ्या. शंबर आले की पोरगी पाटल्या गहान ठेवते, माजा शबुद."

"काकू, सिस्टिममध्ये तसं होत नाही."

"दीडशे धाडलेत तवा झालं व्हतं."

"ती वेगळी स्टेज होती, काकू. तुम्हाला नाही कळणार."

"नायच कलत. म्हनून तर कापा म्हनतंय. पन्नास धाडा. धा धाडा."

पलीकडचा मऊपणा एकदम सरला. मॅडमने वकिलाची, पोलिसांची, नम्रताच्या नवऱ्याची नावं घेतली. फसवणुकीचा गुन्हा दाखल करू म्हणाली. मग फोन ठेवला. नम्रताने परत लावला, तर लागेना. पाच मिनिटांनी ज्या ग्रुपवर चांदण्या द्यायच्या तो ग्रुपही तिच्या फोनवरून नाहीसा झाला. एकसष्ट हजारांचा हिरवा आकडा मात्र अजून दिसत होता.

नम्रता खाली पेट्यांत भरायच्या गवतावर बसली. रडली नाही. फक्त पुरचुंडी सोडून पाटल्या एकदा मोजल्या. दोनच होत्या, तरी मोजल्या.

स्वरूपशेटने ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन लावून दिला, तक्रार नोंदवली गेली. दुसऱ्या दिवशी दोघी दापोलीला पोलीस ठाण्यातही जाऊन आल्या. तिथला माणूस चांगला होता, सगळं लिहून घेतलं. पैसे मिळतील का, यावर म्हणाला, प्रयत्न करू. या दोन शब्दांत काय ते आलं.

रात्री निलेशचा फोन आला. नम्रता पडवीत बसून स्पीकरवर बोलत होती आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे मथुराकाकी भांडी घासायच्या निमित्ताने उभी होती. सगळं ऐकून निलेश ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "हे काम खरं हाय, असं तुला सांगितलं कुनी?"

मथुराकाकीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"कुणी नाही," नम्रता म्हणाली. "माझं मीच ठरवलं."

त्याने पुढे विचारलं नाही. कौलं पुढच्या वर्षी बघू, म्हणाला. आणि सप्टेंबरात कॉन्ट्रॅक्ट संपलं की लगेच दुसरं घ्यावं लागेल, हेही म्हणाला. तीन महिन्यांची सुट्टी यंदा नाही.

मथुराकाकी जेवली नाही. नम्रताने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. पण ही पोर तिचं नाव गिळून बसली होती आणि त्याला उलटं काय बोलायचं हे तिला कळेना. शेडमध्ये ती जाऊन बसायची, निवड करायची, पण आता प्रत्येक आंबा दोनदा फिरवायची. एकदा चक्क काटा मागितला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या फोनवर मेसेज आला. रघूने चष्मा लावून वाचला. एक हजार सहाशे जमा. त्याने परत वाचला.

"कुनी धाडले?" मथुराकाकीने विचारलं.

"तुज्या त्या चोरानं. बोलन्याचे. चार तास पास, चारशेनं सोलाशे. कापून घेतला नाय यक रुपाया."

मथुराकाकीला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या डोळ्यांपुढे नम्रताचे नऊ तास आले. पास झालेले नऊ, तीन हजार सहाशे रुपये, जे तिच्या एका शब्दावर त्या पोरीने पुसून टाकायला सांगितले होते.

"म्हंजे जो पयशे देतो तो चोर, आनि जो देत नाय तो साव?" ती रघूला म्हणाली.

"तसं असतं तर तो चालीस पेट्यावाला साव झाला," रघू म्हणाला. "आनि स्वरूपशेटचा बाप चोर."

"मग?"

"मना काय इचारतेस? निवडीला तू बसतेस."

ती दिवसभर यावरच घोळत राहिली. स्वरूपशेट उचल देतो ती आंब्यावर. आंबा उद्या झाडाला लागणार आहे, तो वाशीच्या बाजारात जाणार आहे, कुणीतरी तो खाणार आहे. त्या मॅडमला चांदण्या देऊन माल कुठला निघत होता? चांदण्या कोण खाणार होतं? हे मार्चमध्ये विचारलं असतं तर! पण मग बोलण्याचा तरी माल कुठला? बोलणं कोण खातं? तरी पैसे आले. एक धागा हाती लागतोय म्हणेपर्यंत दुसरा सुटत होता. शेवटी तिने प्रयत्न सोडला, तांदळाच्या डब्यातून सोळाशे रुपये मोजून घेतले आणि गडग्यापलीकडे गेली.

नम्रता माजघरात संस्कृतीला भरवत होती. मथुराकाकीने पैसे पाटावर ठेवले आणि कुठून आले ते सांगितलं. लपवलं काहीच नाही.

नम्रताने ते उचलून मथुराकाकीच्या हातात परत दिले. "तुमच्या बोलण्याचे आहेत, काकी. मी कशी घेऊ?" संस्कृतीला पुढचा घास देत म्हणाली, "सरांना विचारलं मी परवा. नाव परत घालता येतं. पण माझी हिंमत होत नाही. तुम्ही सांगा, घालू?"

पुन्हा तोच प्रश्न. मथुराकाकीला हसावं की रडावं कळेना. ही पोर एवढं होऊन अजून तिलाच विचारत होती.

"मना नाय कलत गो," ती म्हणाली. छप्पन्न वर्षांत सल्ला विचारायला आलेल्या कुणी हे वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. "माज्यावर जाऊ नको. आपून दोगी बसून बघू. कोन माल घेतो, कशाला घेतो, ता तुज्या सरांना इचारू. एक रुपाया भरा म्हनाले की उठायचं."

त्या संध्याकाळी सरांनी सांगितलं, कंपनीला ही बोली फोनला शिकवायची आहे, भरायचं काही नाही. मग नम्रताने आपलं नाव परत घातलं. आधी मथुराकाकीच्या फोनवरून एक विषय करून बघू, असं ठरलं. कोंबडा टोपलीखाली झाकला, रघूला आधीच जेवायला घातलं. नम्रताने स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. "तुमच्याकडून झालेली एखादी चूक. दोन मिनिटं बोला."

मथुराकाकीने पदर सारखा केला. नम्रताकडे बघितलं नाही, फोनकडेच बघितलं.

"आमच्या शेजारी यक पोरगी हाय," तिने सुरुवात केली. "नवरा तिचा बोटीवर. ती माज्याकडं आली, म्हनाली, काकी, खरं कुठलं ता सांगा. मना कलत नव्हतं. तरी मी सांगितलं."

नम्रताने भिंतीला डोकं टेकलं. फोनवरचे आकडे सरकत होते. दोन मिनिटं झाली तसा फोन टुणकन वाजला आणि भरून घ्यायचा थांबला. मथुराकाकी बोलतच होती.